एका कान्याचा फरक

आप्पांच्या पायाची नखं कापली तो बुधवार होता. त्यांना वाकता येत नव्हतं आणि मला जवळचं दिसत नव्हतं, म्हणजे दोघं मिळून एक धड माणूस. त्यांच्या ओट्यावर उन्हाला बसलो. मी कोमट पाण्यात त्यांचे पाय भिजवले, एक पाय मांडीवर घेतला आणि नेलकटर लावला. अंगठ्याचं नख शिंगासारखं झालेलं, तुटता तुटेना.

"गुळव्या, हळू. उंदराची नखं कापायला मला ह्याच्यापेक्षा कमी येळ लागायचा," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "उंदराला तक्रार करता येत न्हवती म्हणून."

त्यावर ते हसले आणि गळ्यातलं घड्याळ बघून म्हणाले, एका पायाला सहा मिनिटं. दुसरा पाय मी साडेपाचात उरकला. मग मी घरी गेलो. आमचं शेवटचं काम ते. गुरुवारी सकाळी आप्पा उठलेच नाहीत.

आप्पांनी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत चौतीस वर्षं उंदीर सांभाळले. शिक्षण सातवी. आमच्या वडगाव रासाईतली मेंढरंवाल्याची पोरं त्या वेळी शाळेत टिकायची नाहीत, आप्पा तेवढे टिकले. मेंढराच्या कानाला खुणेची कात्री लावायची त्यांना लहानपणापासून सवय. प्रयोगशाळेतही उंदराच्या कानाला खूण करावी लागते, कुठला उंदीर कुणाच्या पोटचा हे कळायला. साहेबानं चार जणांना कात्री लावून दाखवायला सांगितलं. तिघांचे उंदीर चावले, आप्पांचा चावला नाही. नोकरी तिथंच पक्की झाली. रिटायर होऊन गावी आले तेव्हा गावानं नाव ठेवलं उंदीरआप्पा. तोंडावर आप्पा, पाठीमागं उंदीरआप्पा. त्यांना दोन्ही ऐकू यायचं.

लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, रविवारीसुद्धा खाणं टाकायला जावं लागायचं, अशा माणसाला कोण पोरगी देतंय. एक मांजर होतं. उंदरं सांभाळलेल्या माणसानं मांजर पाळावं ह्याचं गावाला हसू. त्यातून त्या मांजराचं नाव म्यू. लोकांना वाटायचं, म्याऊ म्हणायचं असेल, म्हाताऱ्याचे दात गेलेत. आप्पा दुरुस्त करायचे. म्हणायचे, "म्याऊ न्हाई, म्यू. मेंदूतलं कुलूप हाय ते." मग ऐकणारा मान हलवून पुढं जायचा.

गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. निरोप देताना साहेबानं विचारलं काय पाहिजे, तर ह्यांनी तेच मागून घेतलं. त्याच्यावर ते सगळं मोजायचे. आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी पुढाऱ्यांची भाषणं होतात, नवरानवरी उभी राहून घामाघूम होतात. आप्पा पहिल्या रांगेत बसायचे आणि भाषण संपलं की उभं राहून मोठ्यानं सांगायचे, "एकवीस मिनिटं. त्यातलं नवरीवर अर्धं मिनिट." हळूहळू लोकांनी त्यांना पत्रिका द्यायचं बंद केलं. ते तरी जायचे. म्हणायचे, जेवायला न्हाई, मोजायला आलोय.

कुणी दुखतंय म्हणून कण्हत असेल आणि दुसरा म्हणाला की नाटक करतंय, तर आप्पा हातातला चहाचा कप खाली ठेवून उठून जायचे. बोलायचे नाहीत, भांडायचे नाहीत. त्या घरात पुन्हा महिनाभर चहा घ्यायचे नाहीत. अशी चारपाच घरं गावात कायम असायची.

माझी त्यांची ओळख गुऱ्हाळावर झाली. मी गुळव्या. राहू, केडगाव ह्या गावांच्या पट्ट्यात माझी उमर गेली काहिलीपाशी. गूळ तयार झाला का नाही हे बघायला गुळव्या पाण्यात बोटं बुडवतो आणि उकळत्या काहिलीतला चिमूटभर पाक उचलतो, पुन्हा पाण्यात घालून गोळी वळून बघतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आप्पा गरम गूळ खायला आले होते. माझं ते बघितलं आणि गूळ विसरून घड्याळ चालू करून बसले. माझा हात हातात घेऊन उलटापालटा केला. म्हणाले, "तुझ्या हाताची कातडी मेलीय. तू दुसऱ्याच्या चटक्याचा अंदाज कधी करू नको." मला राग आला होता. गुळव्याला त्याच्या हाताचा अभिमान असतो.

त्या दिवशी त्यांनी उंदरांची हकीकत सांगितली. एक तापती पाटी असायची, हाताला झोंबेल एवढीच तापलेली. उंदीर पाटीवर सोडायचा आणि घड्याळ चालू करायचं. उंदरानं पाय उचलून चाटला की घड्याळ बंद, उंदीर ताबडतोब बाहेर. मग त्याला अफूपासून केलेल्या औषधाची सुई द्यायची आणि पुन्हा पाटीवर सोडायचं. औषध लागलं की तो उशिरानं पाय उचलतो. आप्पा रोज सकाळी उंदराच्या आधी स्वतःचा तळहात पाटीवर ठेवायचे. साहेब रागवायचा, वहीत ह्याची नोंद कुठं करायची म्हणून. आप्पा म्हणायचे, करू नका, पण ठेवू द्या.

"आन् एक जात होती काळ्या उंदरांची," ते म्हणाले. "त्यांच्या अंगातनं म्यूचं जीन काढून टाकलेलं. त्यांना किती बी औषध द्या, पाय लगेच उचलायचे. औषध रगतात हाय, पर ते लावायचं कुठं? कुलूपच न्हाई तर चावी काय करल?"

मी त्यांना खुळ्यात काढलं. उंदराच्या पायावर पगार घेणारा माणूस, अजून काय म्हणायचं.

ते माझ्या घरात कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

घरचीला गाठ झाली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, उपचार झाले, पण दुखणं हाडात गेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, आता बरं करायचं नाही, दुखू द्यायचं नाही. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक. कमी पडलं तर फोन करा, वाढवून देऊ. कागदावर लिहूनसुद्धा दिलं. मला वाचता येतं, सावकाश, पण येतं. तेव्हा येत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गाडीत माझ्या साडूनं सांगितलं की मॉर्फिन म्हणजे अफूच. साडू राहूचा. त्यालाही असलंच दुखणं होतं आणि तो सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेऊन ओट्यावर पेपर वाचत बसायचा. माझ्या डोक्यात तेच माप बसलं. आणि ही? हिला चार तास पुरायचे नाहीत. तीन तास झाले की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. मग म्हणायची, "अवं, झाली का वेळ?"

मी म्हणायचो, अजून नाही. पंधरा दिवस असं चाललं. मग एकदा मी म्हणालो, "तुला चटक लागली."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण गुळव्याची एक शिस्त असते. उकळत्या रसात मळी काढायला चुना घालताना हात आखडता ठेवायचा, कमी पडला तर वरून घालता येतो, जादा झाला तर काढता येत नाही. पन्नास वर्षं ह्या शिस्तीनं गूळ केला, कधी ढेप काळी पडली नाही. तीच शिस्त मी बायकोला लावली. सुपारीच्या अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करायचो. एक तिला द्यायचो, दुसरा पुडीत बांधून पिठाच्या डब्यामागं ठेवायचो. म्हटलं, हळूहळू चटक सुटेल. तिची बहीण, म्हणजे राहूची माझी मेव्हणी, भेटायला आली तर तिलाही अंगणात बाजूला घेऊन सांगितलं, हिला अफूची चटक लागलीय, जरा समजाव. मेव्हणी आत गेली आणि मोठ्या बहिणीसारखं बोलली, खरं तर ती धाकटी. "कमी घे गं बाई, चांगल्या घरची तू." ही ऐकत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मी दाराच्या कडीशी चाळा करत होतो.

मेव्हणीनं ते नदीच्या अलीकडं-पलीकडं सगळीकडं पसरवलं.

सातआठ दिवसांनी हिनं गोळी मागायचं सोडलं. घड्याळाकडं बघायचं सोडलं. मी मनात म्हटलं, बघा, सुटली. मी गुऱ्हाळावर जाऊन फुशारकीनं सांगितलं. ती फुशारकी ऐकून आप्पा दुपारी घरी आले.

त्यांनी हिच्याशी गप्पा मारल्या, म्यूला पिल्लं झाल्याचं सांगितलं. ही हसलीसुद्धा. पण आप्पा तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. पायथ्याशी बसले होते आणि चादरीकडं बघत होते. चादरीखाली तिच्या पायाची बोटं आवळत होती, सुटत होती, पुन्हा आवळत होती. आप्पांनी घड्याळ हातात घेतलं. बोटं किती वेळा आवळतात ते मोजलं. मग ते उठले आणि मला परसात घेऊन गेले.

"किती गोळ्या देतोस?"

मी म्हटलं, वेळेवर देतो.

"किती, ते इचारलं."

मी पुडी काढून दाखवली. त्यांनी तुकडे हातावर घेतले. मला वाटलं आता कप खाली ठेवतात तसे उठून जातील. गेले नाहीत. कडुलिंबाखाली दगडावर बसले आणि मलाही बसवलं.

"गुळव्या, ती बोलायची बंद झालीय. पाय बंद झालं न्हाईत. मी चौतीस वर्षं हेच बघत आलोय. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत न्हाई."

मी माझी बाजू सांगितली. साडूचं दुखणं तेच, गोळी तीच, त्याला पुरते आणि हिला पुरत नाही. मग ही चटक नाही तर काय?

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, चुकलं असेल तर माझं. ह्या औषधाची कुलपं सगळ्यांच्या मेंदूत जन्मापासून असतात. अफू बघितली नाही त्याच्यासुद्धा. कारण अशी चावी आपलं अंगही बनवतं, थोडी थोडी. मोठी कुलपं तीन जातीची, म्यू, डेल्टा आणि कप्पा. तीन जातींची तीन वेगळी जीन, आईबापाकडून आलेली. मॉर्फिन लागतं ते जास्त करून म्यूला. आणि एकट्या म्यूतही सगळं एकसारखं नाही. जीन एकच, पण अंग त्याचा मजकूर कापून जोडतं, कधी हा तुकडा घेऊन, कधी तो वगळून, म्हणून एका जीनमधनं कुलपाचे बरेच पोटप्रकार निघतात.

मी म्हटलं, म्हणजे एकाच रसाची काकवी होते आणि ढेपही होते, तसं. कुठं काहील उतरवली त्यावर.

आप्पा खूश झाले. म्हणाले, जवळजवळ. साहेबाला हे सुचलं नव्हतं.

"आन् माणसामाणसात बी फरक," ते म्हणाले. "उसाच्या बेण्याबेण्यात असतो तसा. कुणाकुणाच्या जीनमधलं एक अक्षर निराळं असतं. एकच. तेवढ्यानं कुलूप बदलतं."

"मग हिचं तसं हाय?"

"मला ठाऊक न्हाई. तपासल्याबिगर कुणालाच कळायचं न्हाई. तिचं दुखणं साडूपेक्षा जादा असंल, हाडात कुठवर गेलंय त्याच्यावर बी असतं. पर साडूच्या मापानं तिला मोजायचं न्हाई, एवढं मला ठाऊक हाय."

त्यांनी काडी घेतली आणि मातीत लिहिलं, चटक. मला वाचायला लावलं. मी वाचलं. मग त्यांनी पुढं एक उभी रेघ ओढली.

"आता वाच."

"चटका," मी म्हणालो.

"एका कान्याचा फरक. चटक लागलेला माणूस दुखत नसताना मागतो. चटका बसलेला दुखतंय म्हणून मागतो. ती चटक्यानं मागत हुती, गुळव्या. तू काना खाल्लास."

डॉक्टरीण बाईंना फोन आप्पांनीच लावला, पण बोलायला मला लावलं. मी तुकड्यांचं सांगितलं. त्या पहिल्यांदा चिडल्या, मग त्यांनी चिडायचं थांबवून नीट विचारलं आणि गोळी वाढवून दिली. बद्धकोष्ठाचं औषधही न चुकता द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ही झोपली. अशी झोपली की मी दोनदा नाकापाशी हात धरून बघितला. उठली तेव्हा दिवे लागले होते. म्हणाली, भूक लागली, ठेचा कर. महिन्यात पहिल्यांदा.

पुढचे दोन महिने ती आमच्यात होती. भांडायला लागली, म्हणजे बरं होतं. म्यूचं एक पिल्लू मागून घेतलं. एका दुपारी मी भाकरीला पीठ काढत होतो, तर आतून विचारलं, "अवं, गोळीचा दुसरा तुकडा कुठं ठेवायचा तुम्ही?"

माझा हात डब्यातच राहिला. म्हटलं, डब्यामागं.

"पिठात न्हाई ना पडला एखांदा? न्हाईतर तुम्हालाच चटक लागायची."

आणि हसत राहिली. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. अडकित्त्याचा आवाज स्वयंपाकघरातून येतो, आणि मी सुपारी खात नाही. मी माफी मागायला पाहिजे होती. मी भाकरी थापली.

तिला शेवटी फार दुखलं नाही, हे आप्पांमुळं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या पाठीवरून हातही फिरवला नाही. मी एकदा म्हटलं, माझं चुकलं ते अडाणीपणानं चुकलं. ते म्हणाले, "सुरुवातीला अडाणीपणानं. मागून कागद वाचायचा न्हवता म्हणून." असा माणूस. गोड बोलून सोडायचा नाही, आणि सोडूनही जायचा नाही. ही गेल्यावर रोज दुपारी येऊन बसायचे. गप्पा नाहीत, काही नाही. जाताना सांगायचे, आज तू चाळीस मिनिटं काही बोलला न्हाईस. काल पन्नास हुती.

एकाच गोष्टीवरून ते मला टोचायचे. हिच्या दहाव्याला नदीवर बायका कुजबुजत होत्या, चांगली बाई, पण शेवटी अफूच्या नादाला लागली. मी पाच हातांवर उभा होतो. मी ऐकलं. वर्षभर तेच चाललं होतं, कुणाच्या घरी दुखणाईत असला की हिचं उदाहरण द्यायचे, त्या बाईसारखं होऊ देऊ नका. आणि ते ऐकून आणखी कुठल्या घरात गोळ्या अर्ध्या होत असतील, देव जाणे. हे खोडायचं तर अडकित्त्याचं सांगावं लागत होतं. माझी जीभ उचलत नव्हती.

आप्पा म्हणायचे, "तुझं तू ठेव. पर तुझं तिच्यावर कशाला ठेवतोस?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा की गावाला. तुम्हाला कुणाची भीती?

"मी सांगितलं तर उंदीरआप्पाची गोष्ट व्हईल. हसतील. तू सांगितलं तर खरं व्हईल."

गुरुवारी आप्पा गेले. त्यांना जवळचं कुणी नव्हतं, पुतण्या होता, त्यानं अग्नी दिला. आमच्याकडं अस्थी सावडणं दुसऱ्या दिवशी सकाळीच उरकतात आणि तिथं भाषणं होतात. शुक्रवारी सकाळी भीमेच्या घाटावर दीडएकशे माणूस होतं. राहूची मेव्हणी आली होती, बायकांत पुढं बसली होती. साडू गेल्यापासून ती कुणाचं सावडणं चुकवत नाही. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. आप्पा विनोदी होते, आप्पांना प्राण्यांची आवड होती. कुणीतरी मांजराचं सांगितलं आणि लोक हसले. मग विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का.

मी उठलो. आजपर्यंत मी कुठल्या सावडण्याला बोललो नाही. पुतण्यानं माईक हातात दिला, तो मला धरता येईना, त्यानंच धरला.

"मी आप्पांबद्दल एकच सांगतो," मी म्हणालो. "त्यांनी माझ्या घरचीचं दुखणं थांबवलं. ते वाढवलं हुतं मी. डॉक्टरनं दिलेली गोळी मी अडकित्त्यानं तोडून अर्धी देत हुतो. पंधरा दिवस. तिला चटक लागली हे गावात मी सांगितलं. ते खोटं. तिला दुखत हुतं म्हणून ती मागत हुती. कुणाच्या घरात असलं दुखणं असंल तर गोळी पुरी द्या. कमी पडली तर डॉक्टरला इचारा, मला न्हाई, साडूला न्हाई."

माझ्यानंतर बोलायला कुणी उठलं नाही. मेव्हणीनं पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडं बघितलं. काय होतं त्या बघण्यात ते मला सांगता येणार नाही, पण माफी नव्हती. तिनं तोंड फिरवलं नाही, एवढंच. मी बघत राहिलो, ह्या वेळी चाळा करायला हाताशी कडी नव्हती.

मग पुतण्या म्हणाला, मामा, चला, राख अजून गरम हाय. मी घागर घेतली, धोतर वर खोचलं आणि पाणी आणायला नदीत उतरलो.